वाफसा: एका मोठ्या अनुभवानंतरचे महिने

खान्देशातल्या काळ्या जमिनीत जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस वावरात पाय टाकता येत नाही. चप्पल रुतते, औताला मातीचे लोंदे चिकटतात. पुढे ऊन लागून आठ-दहा दिवस गेले की तीच माती कडक होते आणि तिला भेगा पडायला लागतात. या दोन्हींच्या मधे थोडेच दिवस असे येतात की मातीत ओल असते आणि हवाही खेळती असते. मूठभर माती दाबली तर लाडू होतो, बोटाने टोचला तर मोकळा होतो. हा वाफसा. पेरणी त्यातच करायची. पाऊस कितीही चांगला झालेला असो, वाफसा हुकला की त्या पावसाचं फार काही हाती लागत नाही.

मी जळगावात समुपदेशनाचं काम करते. सायकेडेलिक अनुभवानंतर माणसात खरंच बदल होतो का, आणि होत असेल तर तो टिकतो का, असं कुणी विचारलं की मला आधी हाच शब्द आठवतो.

सायकेडेलिक म्हणजे सायलोसायबिन, एलएसडी यांसारखी द्रव्यं. सायलोसायबिन काही जातींच्या अळिंबीत असतं. एलएसडी प्रयोगशाळेत तयार झालं. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात अल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ मध्ये बनवलं आणि त्याचा मनावर होणारा परिणाम त्यांना १९४३ मध्ये, स्वतःच्याच अंगावर, कळला. ही द्रव्यं काही तासांसाठी माणसाचं स्वतःबद्दलचं, काळाबद्दलचं आणि भोवतालाबद्दलचं भान पार बदलून टाकतात. भारतात ती १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याखाली बंद आहेत. घेणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा आहे. कुणी शेतघरावर 'सेशन' ठेवतो म्हणाला तर जाऊ नका, हे मी इथेच सांगून टाकते.

मग आपण या विषयावर बोलायचंच कशाला? कारण आपली मुलं-मुली आता सगळीकडे आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवाना मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांना हट्टी, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या, नैराश्यासाठी सायलोसायबिन द्यायची मुभा दिली. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली घेण्याला मान्यता दिली. नेदरलँड्सने २००८ मध्ये या अळिंबीवर बंदी घातली, पण तिच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी, ज्यांना तिथे ट्रफल म्हणतात, त्या कायद्यातून सुटल्या. या देशांत नोकरीला असलेला कुणाचा तरी मुलगा असा अनुभव घेतो आणि दिवाळीला घरी येतो. घरच्यांना कळतं की पोरगा काहीतरी वेगळं बोलतोय. काय झालंय ते कळत नाही.

आमच्याकडे असंच झालं. माझा मामेभाऊ नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. मामा, म्हणजे त्याचे वडील, ज्यांना तो नाना म्हणायचा, गेले तेव्हा तो विमानातून उतरून यावलजवळच्या गावी पोहोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. पुढची दोन वर्षं त्याचं कशातच लक्ष लागेना. तिथे कायद्याने चालणाऱ्या एका ठिकाणी, आधी चार वेळा बोलून, तपासण्या करून, दोन माणसं शेजारी बसलेली असताना त्याने तो अनुभव घेतला. दिवाळीत आला तेव्हा रात्री ओट्यावर बसून मला सांगत होता, "ताई, नाना दिसले. बागेत उभे होते, केळीच्या पानावरचं पाणी हाताने झटकत होते. बोलले काहीच नाहीत. पण मला कळलं की ते माझ्यावर रागावलेले नाहीत." सांगताना त्याचा चेहरा इतका निवळलेला होता की माझे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी जमिनीच्या वाटणीवरून आणि मामांच्या दवाखान्याच्या खर्चावरून तो मोठ्या भावाशी भांडला. तसाच आवाज, तेच शब्द, दार आपटणंही तेच. वहिनी चुलीपाशी बसून मला म्हणाली, "बोलनं बदलनं, वागनं तेच शे." म्हणजे बोलणं बदललं, वागणं तेच आहे.

या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण त्याचा गाभा इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेला मला आठवत नाही.

असा अनुभव नीट दिला जातो तिथे त्याचे तीन भाग असतात. आधी तयारी: माणसाची प्रकृती, घराण्यातले मानसिक आजार, सुरू असलेली औषधं, त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, हे सगळं बोलून घेणं. मग तो प्रत्यक्ष दिवस. सायलोसायबिनचा असर साधारण चार ते सहा तास राहतो. आणि नंतरचं काम, ज्याला इंग्रजीत 'इंटिग्रेशन' म्हणतात. मराठीत कुणी त्याला एकात्मीकरण म्हणतं. तो शब्द चुकीचा नाही, पण माझ्या तोंडात बसत नाही. आपल्याकडे 'मुरणं' आहे. पाणी जमिनीत मुरतं, लोणचं मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो. बाहेरून आलेली गोष्ट हळूहळू आतली होऊन जाते, इतकी की नंतर वेगळी काढून दाखवता येत नाही. अनुभवही असाच मुरावा लागतो. तो मुरला नाही तर वाहून जातो, नाहीतर साचून राहतो. साचलेलं पाणी पिकाला काय करतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

मेंदूत काय होतं तेही थोडं बघू. सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं रसायन. ते पेशींवरच्या ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं, त्यांतलं एक '२ए' नावाचं आहे. सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं आणि ते याच कुलपात बसतं. त्या तासांत मेंदूतल्या एका जाळ्याची नेहमीची घडी विस्कटते. त्याचं नाव 'डिफॉल्ट मोड नेटवर्क'. आपण काही करत नसताना आत जे चालू असतं, 'मी असाच', 'त्याने मला तेव्हा तसं म्हटलं', 'माझ्याच वाट्याला का', ते दळण बरंचसं या जाळ्यात दळलं जातं. चाकोरी या शब्दाचा मूळ अर्थ गाडीच्या चाकांनी पडलेली चरी. रोज त्याच वाटेने गाडी गेली की चरी खोल होते आणि मग बैलांना हाकावंही लागत नाही. मोठा पाऊस ती चरी बुजवतो. काही दिवस वाट सपाट आणि ओली असते. त्या दिवसांत गाडी नव्या बाजूने काढली तर नवी वाट पडते. जुन्याच बाजूने नेली तर ओल्या मातीत चरी पूर्वीपेक्षा खोल उमटते. माझा भाऊ तिसऱ्या दिवशी नेमका त्याच जुन्या चरीत गेला होता.

हे ओले दिवस किती असतात? २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ग्यूल डोलन यांच्या गटाने उंदरांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. उंदरांची पिल्लं कोवळ्या वयात सोबतीतून चटकन शिकतात आणि मोठी झाल्यावर ते दार बंद होतं. ही द्रव्यं दिल्यावर मोठ्या उंदरांतही ते दार काही काळ उघडलं: केटामाइनने (हे मुळात भुलीचं औषध) सुमारे दोन दिवस, सायलोसायबिनने दोन आठवडे, एलएसडीने तीन आठवडे. उंदराचे दिवस माणसाला तसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यातून एक गोष्ट कळते: असर उतरला म्हणजे सगळं संपलं असं नाही. शिकण्याची दारं त्यानंतरही उघडी असू शकतात. आणि उघड्या दारातून वारा येतो तशी धूळही येते. त्या आठवड्यांत माणूस कुणाच्या सोबतीत आहे, काय वाचतोय, कोण त्याच्या कानाशी लागतंय, याला एरवीपेक्षा जास्त वजन असतं.

आता माणसांवरचे अभ्यास. जॉन्स हॉपकिन्समध्येच रोलंड ग्रिफिथ्स यांनी २००६ मध्ये ३६ जणांवरचा सायलोसायबिनचा अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांनी आधी असं काही घेतलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण गोष्टींत धरला, आणि चौदा महिन्यांनी विचारलं तेव्हाही निम्म्याहून जास्त लोक त्यावर ठाम होते. हा अभ्यास खूप गाजला. मला मात्र त्यांचाच २०१८ चा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. त्यात ७५ जणांचे तीन गट केले होते. तिन्ही गटांना ध्यान, रोज लिहिणं असा नेम दिला होता. एका गटाला अगदी नावापुरता डोस. दुसऱ्याला मोठा डोस आणि नेहमीइतका आधार. तिसऱ्याला तेवढाच मोठा डोस, पण बरोबर भरपूर आधार आणि सोबत. सहा महिन्यांनी पाहिलं तर मोठा डोस घेतलेले दोन्ही गट पुढे होते, आणि त्यांतही रोजच्या वागण्यातला, नात्यांतला टिकाऊ बदल तिसऱ्या गटात सर्वांत जास्त होता. डोस सारखा, नंतरची मशागत वेगळी.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २०२२ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरची सायलोसायबिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एकाच मोठ्या डोसनंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांत ठळक सुधारणा दिसली. अगदी छोटा डोस मिळालेल्यांत ती १८ टक्के होती. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेली सुधारणा मोजली तर मोठ्या डोसच्या गटात २० टक्के उरले, छोट्या डोसच्या गटात १०. म्हणजे बऱ्याच जणांना फायदा झालाच नाही, आणि ज्यांना झाला त्यांतल्या कित्येकांचा ओसरला. 'एका दिवसात आयुष्य बदललं' असं मोबाइलवर सांगणाऱ्यांना मी खोटं म्हणत नाही. पण ते पहिल्या आठवड्यात बोलत असतात.

पहिला आठवडा फसवा असतो, कारण तो फार सुंदर असतो. झाडं हिरवी दिसतात, लोकांवर प्रेम दाटून येतं, जुनी अढी आपोआप सुटल्यासारखी वाटते. माझ्या भावाने त्याच भरात रात्री दोन वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला होता. 'मी सगळ्यांना माफ करतो' असं त्यात तीन वेळा होतं. सकाळी खाली मोठ्या भावाचा नुसता एक अंगठा. नंतर तो मला म्हणाला, "माफ करणारा हा कोण? नानांना दवाखान्यात रात्री उशाशी बसून पाणी कोणी पाजलं?" त्याचं बरोबर होतं. ज्याला वरून काहीतरी दिसून आलंय तो वरूनच बोलायला लागतो, आणि घरातल्यांना ते बरोबर टोचतं.

चौथ्या दिवशी भावाला नोकरी सोडून गावी येऊन केळी लावायची होती. राजीनाम्याचं पत्र लिहूनही झालं होतं. मी त्याला एवढंच म्हणाले की पत्र ठेव, सहा महिन्यांनी परत वाच, तेव्हाही हेच वाटलं तर दे. मी प्रत्येकाला हेच सांगते. नोकरी, लग्न, घटस्फोट, जमिनीचा व्यवहार, कर्ज, यांतला कोणताही कागद पहिल्या काही महिन्यांत करू नये. चिखलात औत घातलं तर जमीन खराब होते आणि बैलही दमतात.

साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या मधे बहुतेकांना उतार लागतो. सगळं पुन्हा फिकं वाटतं. कधी पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता तुलना करायला ते दिवस असतात. 'माझंच काहीतरी चुकलं' किंवा 'परत एकदा घ्यायला हवं' असं इथेच वाटायला लागतं. पुन्हा घेण्याची घाई करणारा माणूस पेरणी न करता पावसाचीच वाट बघत बसलेला असतो. हा उतार येणारच हे आधी सांगून ठेवलेलं असलं तर तो बराच सोसता येतो. म्हणून तयारीच्या वेळीच तो सांगायला हवा.

आणखी एक गोष्ट, फार जपून हाताळायची. दिसलेलं आणि घडलेलं एक नसतं. माझ्या भावाला नाना दिसले, त्यातून त्याला दिलासा मिळाला, तो खरा आहे. पण कुणाला असंही दिसतं की लहानपणी अमक्याने आपल्याशी वाईट केलं. ते खरं असू शकतं आणि मनाने रचलेलंही असू शकतं. दिसलं म्हणून कुणावर आरोप करायचा नाही आणि दिसलं म्हणून दाबूनही टाकायचं नाही. ते घेऊन या कामात शिकलेल्या माणसाकडे जायचं आणि सावकाश बसायचं. त्या काळात मन फार मऊ झालेलं असतं. 'तुझ्या दर्शनाचा अर्थ मीच सांगतो' म्हणणाऱ्या, पैसे मागणाऱ्या, अंगचटीला येणाऱ्या माणसापासून, तो कितीही मोठा गुरू म्हणवत असला तरी, लगेच दूर व्हायचं.

काही लोकांसाठी हा रस्ताच नाही. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल तर धोका फार मोठा आहे. लिथियम हे बायपोलरवरचं औषध सुरू असताना आकडीचे झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि या अनुभवासाठी म्हणून सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करणं तितकंच घातक. काहींच्या नजरेत रंग-रेषांचे भास महिनोन्महिने रेंगाळतात. आणि घरच्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: परतलेला माणूस दोन-तीन रात्री झोपलेला नाही तरी थकत नाही, आपल्यावर मोठी कामगिरी सोपवली आहे असं म्हणतो, लोक पाळत ठेवून आहेत असं त्याला वाटतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तर त्याला 'अनुभव मुरतोय' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आजी म्हणेल बाहेरचं लागलंय, भगताकडे न्या. आजीला दुखवू नका, अंगारा लावू द्या, पण डॉक्टर चुकवू नका.

बाकीच्यांसाठी मुरवण्याचं काम दिसायला अगदी साधं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत, आठवण ताजी असताना, जे आठवेल ते अर्थ न लावता लिहून काढायचं. सगळ्या गावाला सांगायचं नाही. ऐकून घेणारं एक माणूस पुरे. चालणं, झोप, वेळेवर जेवण, हातापायांचं काम. माझ्या भावाला आईने कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं आणि 'नीट जेव' म्हणाली. ते मी कुठल्याही ध्यानाइतकं मोलाचं धरते. आणि मग सर्वांत महत्त्वाचं: त्या अनुभवातून एकच छोटी कृती उचलायची, जी दुसऱ्या माणसाला दिसेल, आणि ती धरून ठेवायची.

आपल्याकडे हे माहीत नव्हतं असं नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर चालत पंढरपूरला पोहोचते. त्या महिनाभरात माणसाला काय काय वाटत असेल. पण परत आल्यावर गळ्यात माळ असते आणि दर पंधरा दिवसांनी एकादशी येते. वारीतलं जे काही असतं ते वर्षभर जपायची सोय त्या परंपरेने करून ठेवली आहे. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आलेले लोक माझ्याकडे येतात, त्यांचाही प्रश्न हाच असतो: तिथे सगळं कळलं होतं, भुसावळला गाडीतून उतरल्यावर कुठे गेलं? हट्टी नैराश्यासाठी डॉक्टरांकडून केटामाइन घेतलेल्यांचंही थोडंफार तसंच. मोठा अनुभव कुठल्या दारातून आला यापेक्षा घरी पोहोचल्यावर त्याला जागा कुठे मिळते, हे मी आधी बघते.

घरच्यांनी काय करावं? 'काय दिसलं, काय दिसलं' असं विचारत बसू नये. थट्टा तर अजिबात नको. 'तू तर म्हणत होतास बदललोय' हे वाक्य भांडणात वापरू नये, फार मोह होतो तरी. आणि त्या माणसाने स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ नये. बदल झालाय की नाही हे त्याच्या सोबत राहणाऱ्यांना त्याच्या आधी कळतं. मी सहा महिन्यांनी नेहमी घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी विचारते.

भावाला मी त्या दिवाळीत, परत जायच्या आदल्या रात्री विचारलं होतं, "नाना रागावलेले नाहीत हे तुला कळलं. मग सोमवारपासून तू वेगळं काय करशील?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादाला फोन करीन." कशासाठी? "काही नाही. नुसता." जमिनीचा विषय काढायचा नाही, दर रविवारी, एवढंच आम्ही ठरवलं. त्याने एक शंभर पानी वही केली. पहिल्या सात-आठ पानांवर प्रकाश, नाना, केळीची पानं, अनंत असं सगळं गच्च लिहिलेलं आहे. पुढे अक्षर सुटं होत जातं. 'रविवार. चार मिनिटं. केळीचा भाव.' 'रविवार. उचलला नाही.' 'रविवार. उचलला नाही.' 'रविवार. वहिनीने उचलला. दादा पाणी धरायला गेलाय.' 'रविवार. मीच विसरलो.' 'रविवार. दवाखान्याचं बिल मला पाठव म्हणालो. गप्प झाला. नंतर ठेवला.' असे बरेच रविवार.

मागच्या वेळी आला तेव्हा त्याने मला वही दाखवली. जूनमधल्या एका पानावर लिहिलंय, 'शनिवार. दादाचाच आला. रात्री पाऊस झाला म्हणाला, नानांच्या वावरात दोन दिवसांनी वाफसा येईल.' त्याच्या खाली, 'रविवार. उचलला नाही.'